ब्रेक दाबला की लाल दिवा विझतो: जुन्या गाडीच्या दिव्यांची कोडी

या वेळची पत्रं जवळपास सगळी दिव्यांचीच आहेत. इंजिन, कार्बोरेटर, गिअरबॉक्स यात लोक बिनधास्त हात घालतात पण वायरिंग म्हटलं की भलेभले मागे सरतात, मग आधी बल्ब बदल, मग स्विच बदल आणि शेवटी अख्खं हार्नेस (गाडीभर फिरणारा वायरींचा जुडगा) बदल अशी गाडी सरकत जाते आणि दोष जागच्या जागीच. वाचायला बसायच्या आधी तीन वस्तू जवळ करा: साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन्ही टोकांना क्लिप लावलेली लांब वायर, आणि होल्डरसकट २१ वॉटचा एक बल्ब. खालचं जवळजवळ सगळं एवढ्यावर भागतं.

प्रश्न: माझ्याकडे साठच्या दशकातली ब्रिटिश सलून (सेडान) गाडी आहे, मध्यंतरी जुना रंग पूर्ण काढून नवीन मारून घेतला. पार्किंग लाइट लावले की चारही दिवे व्यवस्थित. पण ब्रेकवर पाय ठेवला की मागचा डावा लाल दिवा उजळायच्या ऐवजी विझल्यासारखा होतो. डावा इंडिकेटर दिला तर तोच लाल दिवा इंडिकेटरच्या बरोबर उलट ठेक्यात मिचमिचतो. आणि दिवसा सगळे लाइट बंद असताना ब्रेक दाबला तर पुढचा डावा इंडिकेटर मंद पेटतो! ब्रेकचा स्विच बदलून झाला, इंडिकेटरचा बदलून झाला, आता इलेक्ट्रिशियन म्हणतोय हार्नेस बदला. बदलू का?

उत्तर: नका बदलू. तुम्ही जाता जाता लिहिलंय ना की नवीन रंग मारला, तिथेच सगळं आहे. तुमच्या मागच्या डाव्या दिव्याचा अर्थ (म्हणजे अर्थिंग, गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे करंटची परतीची वाट) तुटलाय, दिव्याची बॉडी आणि गाडीची बॉडी यांच्या मध्ये आता रंगाचा सुंदर थर आहे आणि रंगातून करंट जात नाही.

आता मग पार्किंग लाइट लावल्यावर तो दिवा पेटतो कसा, हा खरा प्रश्न, आणि इथेच बहुतेक जण फसतात कारण ‘पेटतोय म्हणजे अर्थ असणारच’ असं वाटतं. मागच्या होल्डरमध्ये दोन फिलामेंटचा बल्ब असतो, ५ वॉट पार्किंगचं आणि २१ वॉट ब्रेकचं, आणि शेजारी इंडिकेटरचा २१ वॉटचा वेगळा बल्ब, पण तिघांचा परतीचा रस्ता एकच, तो म्हणजे दिव्याची बॉडी. तो बंद झाल्यावर ५ वॉटच्या फिलामेंटमधून आलेला करंट बॉडीवर येऊन अडकतो आणि दुसरी वाट शोधतो. पुढचं दार बंद असलं की माणूस शेजाऱ्याच्या घरातून मागच्या अंगणात उतरतो, तसा तो ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरीने उजव्या बाजूला जातो आणि उजव्या ब्रेकच्या फिलामेंटमधून अर्थला पोचतो. दुसरी अशीच वाट मागच्या इंडिकेटरमधून पुढच्या इंडिकेटरकडे. २१ वॉटची फिलामेंटं ५ वॉटच्या मानाने एवढी मोकळी असतात की जवळपास पूर्ण व्होल्टेज त्या ५ वॉटलाच मिळतं आणि दिवा अगदी शहाण्यासारखा पेटतो. मोठ्या फिलामेंटमधून जाणारा करंट इतका थोडा की ती गरमसुद्धा होत नाहीत, त्यामुळे दिसत काहीच नाही.

मग तुम्ही ब्रेक दाबता. ज्या वायरीतून तो करंट पळ काढत होता तिच्यातच आता बॅटरीचे १२ व्होल्ट आले. वाट बंद. बॉडीवरचं व्होल्टेज चढून सातआठपर्यंत जातं, ५ वॉटच्या दोन टोकांत फरक उरतो जेमतेम चार व्होल्टचा आणि लाल दिवा विझल्यासारखा होतो. इंडिकेटरचंही तसंच, तो पेटतो तेव्हा वाट बंद आणि विझतो तेव्हा उघडी, म्हणून उलटा ठेका. दिवसाची भानगडही तीच: डावा ब्रेक, मागचा इंडिकेटर, पुढचा इंडिकेटर अशी तीन २१ वॉटची फिलामेंटं एका माळेत येतात, प्रत्येकाच्या वाट्याला चारएक व्होल्ट, म्हणून पुढचा मंद पेटतो. तीन वेगळे दोष वाटत होते ना? एकच स्क्रू आहे.

खात्री करायची तर लांब वायरीचं एक टोक बॅटरीच्या अर्थ केलेल्या टोकाला आणि दुसरं डाव्या होल्डरच्या बॉडीला लावा. बॅटरीचं कुठलं टोक अर्थ केलंय ते आधी बघा, त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असायच्या, एमजीबी ही स्पोर्ट्स कारसुद्धा १९६७ पर्यंत तशीच होती. वायर लावल्या क्षणी सगळं सुरळीत झालं तर केस संपली. मीटरने बघायचं असेल तर ब्रेक दाबून ठेवून होल्डरची बॉडी आणि बॅटरीचं अर्थचं टोक यांच्यात व्होल्टेज मोजा, ०.२ च्या आत हवं, तुमच्याकडे सातआठ दिसेल. कंटिन्युइटीचा (वायर जोडलेली आहे की तुटलेली एवढंच सांगणारा) बीप ऐकून समाधान मानू नका, वायरीची एक काडी उरली असली तरी मीटर बीप करतो पण ती एक काडी २१ वॉटचे पावणेदोन अँपिअर धड नेऊ शकत नाही. दिवा चालू असतानाच मोजायचं, हा या सगळ्या धंद्यातला माझा एकमेव हट्ट आहे.

दुरुस्ती म्हणजे स्क्रूखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर टाका, वरून पेट्रोलियम जेलीचा हात. मी तर त्याहून होल्डरपासून शॅसीपर्यंत स्वतंत्र काळी वायरच ओढतो म्हणजे पुढच्या रंगाच्या वेळी पुन्हा हेच नको. ब्रिटिश गाडीत वायरींचे रंग वाचता आले की निम्मं काम होतं: काळी अर्थची, लाल पार्किंगची, हिरवी-जांभळी ब्रेकची, हिरवी-लाल डाव्या इंडिकेटरची, हिरवी-पांढरी उजव्याची. आणि हो, उजवीकडचा दिवाही उघडून बघा, रंगारी एकच होता.

प्रश्न: वरच्यासारखंच पण वेगळं. चावी बंद असताना ब्रेक दाबला की चारही पार्किंग लाइट आणि डॅशबोर्डचे दिवे लख्ख पेटतात. चावी बंद असताना!

उत्तर: लख्ख म्हणताय ना, मग अर्थ नाही. कुणीतरी मागे एका फिलामेंटचा बल्ब दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये बसवलाय. एकवाल्याच्या बुडाला मधोमध एकच मोठा ठिपका असतो, तो होल्डरमधल्या दोन्ही टोकांना टेकतो आणि ब्रेकची वायर सरळ पार्किंगच्या वायरीला जोडली जाते. खरं तर दोनवाल्या बल्बच्या पिना वरखाली असतात आणि एकवाल्याच्या समोरासमोर, त्यामुळे चुकीचा बसायलाच नको, पण होल्डर झिजलेला असेल आणि बसवणारा जोरकस असेल तर काहीही बसतं. बल्ब बरोबर असेल तर काच नीट बघा, कधीकधी तुटलेलं फिलामेंट दुसऱ्याला चिकटतं आणि तोच खेळ होतो.

प्रश्न: १९६४ ची फोक्सवॅगन बीटल, ६ व्होल्ट. हेडलाइट म्हणजे मेणबत्त्या. रेस दिली की थोडे उजळतात. मित्र म्हणतो जास्त वॉटचे बल्ब टाक, दुसरा म्हणतो सरळ एलईडी टाक. काय करू?

उत्तर: दोन्ही मित्रांना चहा पाजा आणि ऐकू नका. जास्त वॉट म्हणजे जास्त करंट, म्हणजे वाटेतच आणखी व्होल्टेज खाल्लं जाणार आणि तो जुना स्विच तापणार. ज्या दिव्याची काच आणि परावर्तक साध्या बल्बसाठी आखलेत त्यात एलईडी टाकला तर फोकस बिघडतो, तुम्हाला रस्ता दिसत नाही आणि समोरच्यालाही.

रेस दिल्यावर उजळणं हे डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जनरेटरच्या) गाडीत काही प्रमाणात चालायचंच, आयडलिंगला डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर असतो. म्हणून मोजमाप रेस थोडी वर ठेवून, २००० आरपीएमच्या आसपास करा. हेडलाइट लावा, आधी बॅटरीच्या दोन टोकांत व्होल्टेज बघा, मग हेडलाइटच्या मागे प्लगमध्येच दोन टोकांत बघा. फरक किती पडला तेवढा वाटेत गेला. १२ व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो, ६ व्होल्टच्या गाडीत त्याच्या निम्मासुद्धा जास्तच. कारण असं की फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं की प्रकाश ३० टक्के जातो. बॅटरीवर १३.८ आणि दिव्यावर ११.७ असं मी कितीदा तरी बघितलंय, त्यात प्रकाश जवळपास निम्मा गेलेला असतो आणि मालक बल्ब बदलत बसलेला असतो. ६ व्होल्टला तर एक व्होल्टची गळती म्हणजे सहावा हिस्साच की, वर त्याच वॉटसाठी करंट दुप्पट.

गळती कुठे आहे ते टप्प्याटप्प्याने शोधा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला कायम ठेवा आणि दुसरं स्विचच्या आधी, स्विचच्या नंतर, डिपरच्या (झोत वरखाली करणाऱ्या स्विचच्या) नंतर, फ्यूजच्या आधी, फ्यूजच्या नंतर असं सरकवत न्या, आकडा जिथे उडी मारेल तिथे दोष. बीटलमध्ये टोकदार फ्यूज आणि त्यांच्या चिमट्यांवर हिरवट थर साठतो, पहिला संशय तिथे घ्या. नुसते फ्यूज गोल फिरवले तरी उजेड वाढलेला बघितलाय. अर्थची बाजू विसरू नका, दिव्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा फरकसुद्धा तसाच मोजायचा.

साफसफाईनंतरही कमीच पडत असेल तर रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. खालच्या झोताला (डिपर) एक आणि वरच्या झोताला (अपर) एक, तुमच्या गाडीला ६ व्होल्टचेच मागा. रिलेच्या टोकांवर नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीहून फ्यूजमधून जाड वायर, ८७ दिव्याला, दिव्याकडे जाणारी जुनी वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा चिमूटभर करंट जातो, सगळा भार नव्या जाड वायरीवर. मूळ हार्नेस कापायचं नाही, पुढेमागे कुणाला मूळ स्थितीत आणायची असेल तर आणता आली पाहिजे.

प्रश्न: अमेरिकन गाडी, चार हेडलाइट. रात्री अर्धा तास चालवली की सगळे हेडलाइट एकदम गुल, पार्किंग चालू. मिनिटभराने आपोआप परत येतात. भूत आहे का?

उत्तर: भूत नाही, सर्किट ब्रेकर आहे. अमेरिकन गाड्यांत हेडलाइटला बहुतेक वेळा फ्यूज नसतो, लाइटच्या स्विचमध्येच द्विधातूच्या पट्टीचा ब्रेकर असतो, तापला की वाकून सर्किट तोडतो आणि थंड झाला की जोडतो. हेतू चांगला होता, फ्यूज उडून कायमचा अंधार होण्यापेक्षा लुकलुकत का होईना घरी पोचावं. पूर्ण शॉर्ट असता तर दिवे भरभर उघडझाप करत राहिले असते, तुमचा अर्ध्या तासाने पडतोय म्हणजे भार थोडासाच जास्त आहे किंवा उष्णता बाहेरून येतेय. कुणी हॅलोजन बसवलेत का? फॉगलाइटची वायर हेडलाइटच्या वायरीला पिळून जोडलीय का? मग स्विचचा प्लग काढून बघा, प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर टर्मिनल ढिलं आहे आणि तेच तापून शेजारच्या ब्रेकरला तापवतंय. प्लगला हात लावताना जपून. उपाय वरचाच, रिले टाका, आणि प्लग जळालेला असेल तर तोही बदला. ब्रेकर बायपास करून देणारे महाभाग भेटतील, त्यांच्यापासून चार हात लांब, आग लागायची ती तिथूनच लागते.

प्रश्न: इंडिकेटरला एलईडी बल्ब लावले तर डावा द्या की उजवा, चारही कोपरे एकदम मिचमिचतात. हझार्ड स्विच तर या गाडीला नाहीच.

उत्तर: डॅशबोर्डवर इंडिकेटरचा एकच हिरवा दिवा आहे ना? तोच. असा एकटा दिवा डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये टांगलेला असतो, त्याला स्वतःचा अर्थच नसतो. डावी वायर लाइव्ह झाली की तो उजवीकडच्या बल्बांमधून अर्थ घेतो. उजवीकडे दोन २१ वॉटची फिलामेंटं असताना त्या चिमुकल्या दिव्याच्या करंटने ती काही पेटत नव्हती. एलईडीला मात्र तेवढा करंट पोटभर होतो. हिरव्या दिव्याचं एक टोक अर्थला जोडा, दुसऱ्या टोकाला डावी आणि उजवी वायर एकेक १एन४००७ डायोडमधून (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) आणा, डायोडचं पट्टीचं टोक दिव्याकडे. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर डायोड उलटे.

इंडिकेटर मिचमिचवणारा जुना, उष्णतेवर चालणारा फ्लॅशरही एलईडीच्या एवढ्याशा करंटवर धड चालत नाही, इलेक्ट्रॉनिक घ्यावा लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० दिलीय, त्यात बसतंय का मोजा. माझं मत विचाराल तर इंडिकेटरला २१ वॉटचे मूळ बल्बच ठेवा, ते काही तासन्‌तास पेटत नाहीत, वीज वाचून वाचणार किती?

प्रश्न: डायनॅमोची गाडी. हेडलाइट लावले की चार्जिंगचा लाल दिवा अगदी मंद, काजव्याएवढा पेटतो. हेडलाइट बंद केले की जातो. बॅटरी नीट चार्ज होतेय.

उत्तर: हा दिवा ‘चार्जिंग नाही’ असं सांगत नाही, त्याच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक आहे एवढंच सांगतो. एक टोक चावीकडून, दुसरं डायनॅमोच्या डी टर्मिनलकडून, दोन्ही सारखे झाले की विझतो. भार वाढल्यावर फरक पडतोय म्हणजे डायनॅमो आणि चावी यांच्या मध्ये कुठेतरी खराब जोड आहे. हेडलाइट लावून, रेस वर ठेवून रेग्युलेटर बॉक्सवर डी (डायनॅमोकडचं) आणि ए (बॅटरीकडचं) टर्मिनल यांच्यात मोजा. तिथे आकडा मोठा आला तर कटआउटचे (डायनॅमोला बॅटरीशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप स्विचचे) पॉइंट काळे पडलेत, नाही तर मग पुढे अँमीटरचे नट, चावीचे टर्मिनल असं चालत जा. पॉइंट साफ करायच्या आधी बॅटरी सोडा कारण ए टर्मिनल कायम लाइव्ह असतं, आणि कटआउटला बारीक काचपेपरची पट्टीच वापरा, एमरी नको.

प्रश्न: इंजिन ओव्हरहॉल होऊन आल्यापासून स्टार्टर रडत फिरतो, तेव्हा हेडलाइट पार पिवळे पडतात आणि चोकची केबल हाताला चटका बसेल एवढी तापते.

उत्तर: स्टार्टर मारणं ताबडतोब थांबवा. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी बसवायची राहिलीय, स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट चोकच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परततोय. पट्टी बसवा, मग केबल आतून जळाली नाही ना ते बघा.

प्रश्न: गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. सगळे दिवे बंद असतात, मी स्वतः बघतो.

उत्तर: ग्लोव्हबॉक्समधला बघता का? आणि डिकीतला? ५ वॉटचा दिवा ०.४ अँपिअर खातो, दिवसाला १० अँपिअर-तास, ४५ च्या बॅटरीचा चार दिवसांत निकाल. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि झाकण लावा, दिवा विझतो की नाही ते दिसेल. विझत असेल तर बॅटरीची एक केबल काढून मध्ये मीटर अँपिअरवर लावा (चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल) आणि एकेक फ्यूज काढत जा.

प्रश्न: पार्किंग लाइटचा फ्यूज सरळ रस्त्यावर कधी उडत नाही. खड्ड्यात आपटली की लगेच. डझनभर फ्यूज संपले.

उत्तर: फ्यूज वाया घालवणं बंद करा आणि फ्यूजच्या जागी तो २१ वॉटचा बल्ब लावा. मधे बल्ब असला की शॉर्ट झाला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही, वायर जळत नाही. लाइट लावा, तो बल्ब मंद पेटेल आणि पार्किंगचे दिवेही मंदच दिसतील, ते ठीक आहे. आता दुसऱ्याला बल्बवर नजर ठेवायला सांगा आणि तुम्ही हार्नेस हाताने हलवत चला: बल्कहेडचं (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याचं) भोक, डिकीचा बिजागर, मागच्या मडगार्डच्या आत जिथे वायर पत्र्याच्या धारेवरून जाते, नंबरप्लेटच्या दिव्याची वायर. जिथे हात लागल्यावर बल्ब एकदम भक्क होईल तिथे इन्सुलेशन सोलून तांबं पत्र्याला लागतंय. तेवढी वायर बदला, भोकात रबरी ग्रोमेट घाला, नुसती टेप गुंडाळून सोडू नका.

आणि नवा फ्यूज घेताना एक बघा. ब्रिटिश गाडीच्या काचेच्या फ्यूजवर लुकासने (ब्रिटिश गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी कंपनी) ३५ अँपिअर छापलेलं असतं तो उडण्याचा आकडा आहे, सतत वाहून न्यायची त्याची क्षमता १७ च. इतर ठिकाणच्या फ्यूजवर बहुधा सतत वाहायचा आकडा असतो, त्यामुळे ३५ बघून दुसराच कुठला ३५ बसवलात तर वायरीला परवडणार नाही इतका करंट जाईल. १५ किंवा १७ चा मागा.